धाकट्याचे गोलंदाज

ताई दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लॅबमध्ये साचे यायचे. त्यावरून ती आधी मेणाचा दात घडवायची, मग पोर्सेलिनची कॅप भाजायची आणि शेवटी शेजारच्या दातांशी मिळेल असा रंग तिच्यावर चढवायची. पांढरा रंग एकच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्या टेबलाशी जरा वेळ बसावं. पिवळट पांढरा, राखाडी पांढरा, चहा पिणाऱ्याचा पांढरा, सिगारेट ओढणाऱ्याचा पांढरा. गल्लीतली माणसं तिच्याशी बोलताना ओठ मिटून हसायची, कारण तिची नजर आधी दातांवर जायची आणि मग डोळ्यांवर.

तिचा भाऊ शहरातली बस चालवायचा. घरात त्याला धाकटा म्हणत, आणि आईवडील गेल्यावर तसं म्हणायला ती एकटीच उरली. लग्न दोघांनीही केलं नाही. ताईचं ठरता ठरता राहिलं आणि धाकट्याचं कुणी मनावर घेतलं नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं एक टेबल, असा त्यांचा संसार होता. त्या टेबलावर जेवायची परवानगी नव्हती. तिथे लढाई चालायची.

धाकट्याला नाद होता तो नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळण्याचा. टेबलावर हिरवं कापड, त्याखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या, आणि त्यावर नखाएवढे धातूचे सैनिक. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, कोण पडलं कोण उभं राहिलं ते ठरवायचं. समोर असायचा केमिस्ट. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे ऑस्ट्रियाची फौज, धाकट्याकडे फ्रेंचांची. दर रविवारी दोघं आपापल्या फौजा मांडायचे आणि सबंध दुपार एकमेकांच्या फाशांना नावं ठेवायचे.

धाकट्याचा खरा जीव तोफखान्यावर. घोडदळ दिसायला झकास असतं, पण बस चालवणाऱ्या माणसाला, तो म्हणायचा, जड गाडी वळणावर नेणाऱ्यांचंच दुःख कळतं. पण त्याचे हात स्टिअरिंगचे. त्याने रंगवलेले पहिले गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे सैनिक, जॅमच्या बरणीत पडून बाहेर काढल्यासारखे दिसत होते.

"हे काय केलंस?" ताई म्हणाली. "आण इकडे."

तेव्हापासून रंगकाम तिच्याकडे आलं. भिंगाखाली बसून ती आधी राखाडी अस्तर द्यायची, मग गडद निळे कोट, बाह्यांना लाल पट्ट्या, तोफेच्या गाड्यांना शेवाळी हिरवा, नळीला पितळी. शेवटी काळपट पातळ रंगाचा एक हात, म्हणजे घड्यांमधून सावली बसते. एकदा तिने एका गोलंदाजाला तोफेच्या चाकाशी उभं केलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, चाक याच्या छातीशी यायला हवं. हे तर टोपीच्या वर गेलंय. हा गोलंदाज आहे की शाळेतलं पोर?"

"तोफ एका कंपनीची, माणसं दुसऱ्या कंपनीची," धाकटा ओशाळून म्हणाला. "दोघांचीही मापं तीच लिहिली होती."

ताईने दातांचं माप घ्यायचा कॅलिपर लावून माणूस मोजला आणि लॅबमधल्या कवळीच्या प्लास्टिकमधून त्या मापाची नवी चाकं घडवली. लॅबमधल्या मदतनीस मुलीने विचारलं, "बाई, हे काय?" ताई म्हणाली, "भावाच्या गोलंदाजांसाठी." मुलगी म्हणाली, "अय्या, कुठल्या टीममध्ये आहेत?" हा किस्सा धाकट्याने डेपोभर सांगितला.

मग एक दिवस त्याची बस थांब्यावर उभी राहता राहता खांबाला घासली. आरसा तुटला, बाकी काही नाही. पण पुन्हा तसंच झालं आणि डेपोने डोळे तपासायला पाठवलं. ताई बरोबर गेली. डॉक्टर तरुण होता, हसरा होता, आणि त्याचा पुढचा एक दात नकली होता. ताई सारा वेळ त्या दाताकडेच बघत राहिली, कारण तो बोलत होता ते ऐकवत नव्हतं. डोळ्याचा पडदा झिजतो आहे. थांबवता येत नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही.

रस्त्यावर आल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, याच्या दाताचा रंग कुणी दिला गं? बाकीच्यांशी मिळत नाही."

"तुला दिसलं?"

"जाताजाता बघून घेतलं," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडला. एरवी तिने त्याचा हात धरला तर तो झटकून टाकायचा.

बस चालवणं सुटलं. डेपोत बसून पास देण्याचं काम मिळालं, काही वर्षांनी तेही जमेना. रविवारच्या लढाया मात्र चालू होत्या. नखाएवढे सैनिक धूसर व्हायला लागले तेव्हा त्याने बोटाच्या दोन पेरांएवढे मागवले. ताईने सगळा तोफखाना नव्याने रंगवला. केमिस्टनेही कुरकुर न करता आपली ऑस्ट्रियाची फौज बदलली, तपकिरी कोट आणि पिवळ्या गाड्यांसकट. सैनिक मोठे झाले तशी अंतरंही वाढवावी लागली, नाहीतर तोफेचा पल्ला तोफेच्या लांबीएवढाच दिसायचा. टेबलाला फळी जोडली गेली. ताईला स्वयंपाकघरात तिरकं होऊन जावं लागायचं.

त्या सैनिकांचेही चेहरे पुसट झाले. त्याहून मोठे तिला परवडणारे मिळेनात, तेव्हा तिने स्वतःच ओतायचं ठरवलं. मेण, साचा, ओतकाम हे तर तिचं रोजचंच. पण नुसतं दुप्पट करून भागत नाही हे तिला पहिल्याच गोलंदाजाने शिकवलं. लहान सैनिकांत कारागिरांनी बटणं, बोटं, नाकं मुद्दाम मोठी केलेली असतात, नाहीतर ती दिसतच नाहीत. तीच दुप्पट केली तर बटणांच्या बशा होतात आणि हातांची फावडी. म्हणून तिने माणूस नव्याने घडवला. आरशासमोर उभी राहून, हातात झाडूची काठी घेऊन, तोफेत बार ठासणाऱ्याचा खांदा कसा वळतो ते ती बघत होती, आणि धाकटा दारात उभा राहून हसत होता. "ताई, बत्ती देणाऱ्यासाठी तरी स्वयंपाकघरातला लायटर घेऊ नकोस!"

शेवटी उजेड आणि सावली तेवढी उरली. आता तो बोटांनी खेळायचा. ताईने बार ठासणाऱ्या गजवाल्याच्या हातात जाडसर गज दिला, बादलीवाल्याची बादली खोल केली, गोळा आणणाऱ्याला वाकवलं. धाकटा अंगठा फिरवून क्षणात ओळखायचा. रंग त्याला बोटांनी कळत नसे. पण तो विचारायचा, आणि ताई सांगायची.

त्याच सुमारास केमिस्टच्या लेकीला दिवस गेले. ती दूर, परदेशात. केमिस्ट आणि त्याची बायको तिच्याकडे गेले आणि दुकान पुतण्यावर सोपवलं. इकडे ताईच्या लॅबमधली ती मुलगी लग्न करून गेली आणि दोघींचं काम एकीच्या माथी आलं. दिवसभर भिंगाखाली कॅपा रंगवून ताई घरी यायची ती मान धरूनच. घरी नवा तोफखाना राखाडी अस्तर लावून मांडून ठेवलेला, रंगाची वाट बघत.

"झाली का गं पहिली तोफ?" एका संध्याकाळी धाकट्याने विचारलं.

ताई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. झाली नाही म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, राहू दे, घाई काय आहे. आणि मग गप्प बसला असता. ती गप्प बसण्याची तऱ्हा तिला ठाऊक होती.

"झाली," ती म्हणाली.

"सांग की मग!"

आणि ताईने सांगितलं. गडद निळा कोट, पण खांद्यावर ऊन खाऊन विटलेला. एका बाहीवर तोफेच्या दारूचा काळा डाग. तोफेच्या चाकाला सुकलेला चिखल, आतल्या अंगाला ओला. बत्तीवाला कोवळा पोरगा, उन्हाने नाक भाजलेलं, सालपटं निघालेली. ती बोलत गेली तशी तिची मान दुखायची थांबली. धाकटा त्या पोराला हातात घेऊन बसला होता आणि अंगठा त्याच्या नाकावर फिरवत होता.

"याला आईने टोपी नीट घाल म्हणून सांगितलं असेल," तो म्हणाला.

"ऐकतात कुठे?"

दुसऱ्या दिवशी रंगवू, असं तिने मनाशी घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कॅपा परत पाठवल्या. मग ताप आला. मग धाकट्याने दुसऱ्या तोफेची चौकशी केली, आणि तिने तीही सांगून टाकली. हळूहळू तिला रंगवण्यापेक्षा सांगण्याचीच ओढ लागली. येताना बसमध्ये ती माणसं बघत यायची, हा तांबूस दाढीवाला गजवाला होईल, त्या खलाशासारख्या म्हाताऱ्याचा गळपट्टा बादलीवाल्याला शोभेल, आणि घरात शिरता शिरता धाकटा विचारायचा, "आज कोण झालं?" इतकं हसणं त्या घरात कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. टेबलावर राखाडी माणसं रांगेने उभी होती. खोलीत येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसली असती, पण येणारं जाणारं कुणी नव्हतं.

केमिस्ट परतला तो न कळवता आला. ताई खाली दूध आणायला गेली होती. जिन्यातच तिला त्याचा आवाज ऐकू आला. नातीचं कौतुक चाललं होतं. ती दारात पोचली तेव्हा तो टेबलापाशी उभा होता, हातात बत्तीवाला.

"या ताई! ओतकाम काय सुरेख केलंय हो! आता रंगवायला घेणार असाल. मी याला तेच म्हणत होतो, अजून अस्तरच..."

त्याने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. मग परदेशाहून आणलेला चॉकलेटचा डबा कशासाठी तरी उघडला आणि परत बंद केला. दुकानात पुतण्या एकटा आहे, असं काहीसं पुटपुटून तो निघून गेला.

धाकटा खुर्चीत ताठ बसला होता, बस चालवताना बसायचा तसा.

"सगळ्यांना अस्तरच आहे?"

"हो."

"तांबडी दाढी?"

"नाही."

"चाकाला चिखल नाही?"

"नाही रे."

"आणि तो पोरगा?"

ताईने दुधाची पिशवी टेबलाच्या कडेवर ठेवली. "नाक आहे," ती म्हणाली. "रंग नाही."

धाकटा हसल्यासारखा झाला. "मी ओळखत होतो गं त्याला," तो म्हणाला.

"मी रंगवते. या आठवड्यातच. सांगितलं तसंच रंगवते, मला सगळं पाठ आहे."

"रंगव की," धाकटा म्हणाला. "पण मला कसं कळणार?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. ताईने लॅबमधून रजा घेतली. विटलेला खांदा, बाहीवरचा डाग, आतल्या अंगाचा ओला चिखल, सालपटं निघालेलं नाक, सगळं तिने सांगितलं होतं तसंच्या तसं केलं. इतकं चांगलं काम तिने आजवर केलं नव्हतं. सगळा तोफखाना मांडून तिने त्याचा हात धरून त्यावर ठेवला. त्याने बोटं फिरवली. "छान झालंय," तो म्हणाला. ज्या आवाजात तो शेजारणीला तिच्या लोणकढ्या थापांवर "असं का?" म्हणायचा, त्याच आवाजात.

रविवारी केमिस्ट आला. बिचाऱ्याला आपल्यामुळे झालं याची बोच होती. "अरे, खरंच रंगवलंय रे," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "शपथेवर सांगतो. नाकाची सालपटंसुद्धा आहेत." ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. तिचं काम खरं आहे याला आता साक्षीदार लागत होता. तिने नळ मोठा सोडला.

त्यानंतर धाकटा खेळला नाही. भांडण काही नव्हतं. दोघं एकत्र जेवायची, तो भाजी चिरून द्यायचा, ती बातम्या वाचून दाखवायची. डेपोच्या चौकशीच्या फोनवर त्याला काम मिळालं. शहरातले सगळे मार्ग, सगळे थांबे त्याच्या तोंडावर होते, आणि लोकांना त्याचा आवाज आवडायचा. काठी घेऊन तो एकटा जायला यायला लागला. ताईला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो दाराबाहेर पडला की घर खायला उठायचं. टेबलाची फळी काढून ठेवली. तोफखाना काचेच्या कपाटात गेला. "आज कोण झालं?" असं त्याने पुन्हा विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. मग ताईच्या कॅपा वरचेवर परत यायला लागल्या. रंग मिळत नाही, डॉक्टर म्हणायचे. ती चिडायची, त्यांना म्हणायची तुमच्या दिव्याखाली बघू नका, उजेडात बघा. शेवटी तिचेच डोळे तपासले तेव्हा दोन्हींत मोतीबिंदू निघाला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं.

पट्टी काढल्यावर धाकटाच तिला घरी घेऊन आला. आत शिरल्यावर तिने सहज कपाटाकडे पाहिलं आणि जागीच उभी राहिली. डावा डोळा मिटला, मग उजवा मिटून डावा उघडला. पुन्हा तसंच केलं.

"काय झालं?" धाकट्याने विचारलं. "दुखतंय?"

"नाही." ती खुर्ची ओढून बसली. काही न बोलता आत गेली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. "धाकट्या, निळा चुकलाय. तुझ्या गोलंदाजांचा. तेव्हाच मोतीबिंदूचं पिवळं माझ्या डोळ्यांवर साचत होतं, मला गडद वाटला तो गडद नव्हताच. भडक आहे. सगळाच्या सगळा भडक."

धाकटा काठी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याने तोंड कपाटाकडे वळवलं.

"किती भडक?" त्याने विचारलं.

ताई शब्द शोधायला लागली. "खोकल्याच्या औषधाची निळी बाटली उन्हात धरली तर कशी दिसेल? तसा."

"म्हणजे इतके दिवस कपाटात खोकल्याची औषधं उभी आहेत."

"तसंच म्हण."

"केमिस्ट बोलला नाही कधी."

"त्याची काय हिंमत, त्या दिवसानंतर!"

धाकटा हसला. मग काठी कोपऱ्यात ठेवून तिच्याजवळ बसला. "चिखल बरोबर आहे?"

"चिखल बरोबर आहे. लाल जरा नारिंगीकडे गेलाय. हिरवा चालेल."

"नाक?"

तिने एक डोळा मिटून नीट पाहिलं. "नाक जरा जास्तच भाजलंय रे. मी भरात केलं वाटतं."

"असू दे," धाकटा म्हणाला. "नाकाला हात लावू नकोस. कोट कर."

ताईने कोट करायला घेतले. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता, एका बैठकीत एक माणूस जेमतेम व्हायचा. धाकटा कधी शेजारी बसायचा, कधी नाही. लढाया पुन्हा सुरू झाल्या नाहीत, संध्याकाळी ते पहिल्यासारखं हसणंही परत आलं नाही. पण अधूनमधून तो विचारायचा, आणि चुकलं असेल तर ती चुकलं म्हणून सांगायची. "आज रेघ वाकडी गेली." "आज हात हलला, गालावर निळा लागलाय." तो मान हलवायचा. तिला वाटायचं, त्याला आता तेवढंच ऐकायचं असतं.

अर्धेअधिक कोट झाले होते तेव्हा धाकटा गेला. डेपोत, फोनवर कुणाला तरी बस कुठे बदलायची ते सांगता सांगता छातीत कळ आली. फोन करणारी बाई बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिली, असं तिथल्या लोकांनी ताईला सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

केमिस्ट अजून रविवारी येतो. चहा घेतो, नातीचे फोटो दाखवतो, ताईच्या गोळ्या आणून देतो. एकदा त्याने कपाटाकडे बघत भीतभीतच विचारलं, "राहिलेले कोट करणार का, ताई?"

"डावा डोळा झाला की बघू," ताई म्हणाली. डावा डोळा होऊन वर्ष उलटलं होतं, आणि औषधाचे थेंब केमिस्टनेच आणून दिले होते. त्याने कप उचलला आणि आत नेऊन विसळून ठेवला.